पायोनियर जीवन (शालेय उपक्रम)

पायोनियर जीवन हा अमेरिका व कॅनडातील प्राथमिक शाळांत प्रत्यक्ष कृतींतून शिकविला जाणारा इतिहासाचा घटक आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात वस्तीसाठी गेलेल्या, प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या कुटुंबांना ‘पायोनियर’ म्हणजे आद्य वसाहतकार असे संबोधले जाते.

पार्श्वभूमी

१८४०च्या दशकापासून हजारो कुटुंबांनी मिझूरी नदीपासून ओरेगनपर्यंतचा सुमारे ३,२०० किलोमीटरचा ‘ओरेगन ट्रेल’ हा मार्ग बैलगाड्यांसह पार केला. १८६२च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन नाममात्र शुल्कात मिळू लागली.

उपक्रम

लोणी काढणे: घट्ट झाकणाच्या बरणीत अर्ध्यापर्यंत साय भरून मुले ती आळीपाळीने हलवितात. काही वेळाने लोणी व ताक वेगळे होते. हात दुखू लागले की रोजच्या घरकामातील श्रमांचा प्रत्यय येतो.

मेणबत्त्या बनविणे: वात वितळलेल्या मेणात पुनःपुन्हा बुडवून थर चढवितात. वसाहतकार अनेकदा जनावरांची चरबी वापरीत. गरम मेणाचे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच केले जाते.

गोधडी: प्रत्येक मूल कापडाचा किंवा कागदाचा एक चौकोन सजविते व सर्व तुकडे जोडून वर्गाची गोधडी तयार होते.

गाडी भरणे: जमिनीवर खडूने सुमारे ३ मीटर लांब व १.२ मीटर रुंद चौकट आखतात. पीठ, खारवलेले मांस, अवजारे, बियाणे व घरातील आवडत्या वस्तू यांतून काय न्यावे व काय मागे ठेवावे हे गटाने ठरवायचे असते. गाडी सामानानेच भरत असल्याने बहुतेक प्रवासी पायी चालत.

याच प्रवासावर १९७१ मध्ये मिनेसोटातील तीन प्रशिक्षणार्थी शिक्षकांनी ‘द ओरेगन ट्रेल’ हा संगणकीय खेळ वर्गासाठी तयार केला.

टीका

हे उपक्रम वसाहतकारांचे कष्ट दाखवितात. परंतु ती भूमी निर्जन होती असा समज त्यांतून होऊ शकतो. प्रत्यक्षात तेथे अनेक मूलनिवासी राष्ट्रे नांदत होती व वसाहतींच्या विस्तारात त्यांची भूमी हिरावली गेली. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ या वर्गात वाचल्या जाणाऱ्या कादंबरीतील घरही ओसेज लोकांच्या भूमीवर उभे होते. मूलनिवासींचे चित्रण आक्षेपार्ह ठरल्याने वाइल्डर यांच्या नावाचा बालसाहित्य पुरस्कार २०१८ मध्ये नव्या नावाने दिला जाऊ लागला.

वसाहतकारांच्या नाट्यीकरणात मूलनिवासींना केवळ हल्लेखोर दाखविणेही इतिहासाला धरून नाही. ओरेगन ट्रेलवरील मृत्यूंचे मोठे कारण पटकी व इतर रोग हे होते. मूलनिवासींनी अनेकदा प्रवाशांना वाट दाखविली, नद्या पार करून दिल्या व त्यांच्याशी व्यापारही केला. म्हणून गाडीच्या मार्गाचा नकाशा काढताना त्यावर मूलनिवासी राष्ट्रांचे प्रदेशही दाखविल्यास हा घटक अधिक परिपूर्ण होतो.