भांबुर्ड्याची दुर्बीण आणि पुण्याचा हरवलेला काळोख

१/ इ.स. १८८८. पुण्याजवळच्या भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात एक वेधशाळा सुरू झाली. तिच्यातील २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. आज त्याच भागातून आकाशगंगेचा पट्टा शोधूनही सापडत नाही.

२/ ही वेधशाळा उभारली प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपये दिले आणि सरकारने तेवढीच भर घातली. दुर्बीण घडवली डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी. वेधशाळेला महाराजांचेच नाव मिळाले.

३/ नायगमवालांनी पुण्यातून मृग नक्षत्रातील अंधूक तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी जेऊर येथे मोहीम नेली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. येथे दोष दिव्यांचा नव्हता. काम पुढे नेणारे कोणी उरले नव्हते.

४/ काळोख गेला तो पुढे, शहर वाढत गेले तसा. उघड्या दिव्याचा काही प्रकाश थेट वर जातो, हवेतील धूळ व बाष्प यांवरून विखुरतो आणि आकाशच उजळून टाकतो. निळसर प्रकाश अधिक विखुरतो. म्हणून पांढरेशुभ्र दिवे पिवळसर दिव्यांपेक्षा आकाशाला अधिक बाधक ठरतात.

५/ हे टाळता आले असते का? अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ हे वेधशाळांचे गाव. प्लूटोचा शोध १९३० मध्ये तेथेच लागला. १९५८ मध्ये त्या नगराने जाहिरातींच्या शोधदिव्यांवर बंदी घातली. पुढे नियम वाढत गेले. शहर वाढले, तरी तारे टिकले. २००१ मध्ये जगातील पहिले ‘डार्क स्काय’ नगर हा मान त्याला मिळाला.

६/ पुण्याने वेगळी वाट धरली: येथे दुर्बिणीच दूर गेल्या. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयुका’ची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये राष्ट्रार्पण झाली, ती शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, गिरवलीच्या डोंगरावर. परंतु शहराची आभा क्षितिजावरून मागोमाग येत असेल, तर अंतर किती काळ पुरणार?

७/ उत्तर महाराष्ट्रातच आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्यासाठी परिसरातील गावांचे शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला. गावे अंधारात बुडाली नाहीत. रस्ते उजळलेलेच राहिले.

८/ नियमांचे सार एवढेच: दिव्याला वरून झाकण, प्रकाश गरजेपुरता, रंग पिवळसर आणि काम संपताच दिवा बंद. नदी वा हवा मलिन झाली, तर शुद्धीस वर्षे लागतात. दिवा मात्र झाकताक्षणी आकाश तेवढे मोकळे होते. नायगमवालांनी पाहिलेला तेजोमेघ आजही हिवाळ्यात पुण्यावरून जातो. तो दिसावा की नाही, हे शहराच्या हाती आहे.