फ्रेंकेलची पावलं

मधुमेहाचे जुने पेशंट माझ्याकडे येतात ते बहुधा एकदा पडल्यावरच. मिरजेत माझं फिजिओथेरपीचं छोटं केंद्र आहे. ‘कसं काय पडलात?’ याची उत्तरं ठरलेली. तोंडाला साबण लावला नि तोल गेला. रात्री लघवीला उठलो, दिवा लावायचा कंटाळा केला. देवापुढं डोळे मिटून हात जोडले आणि मागच्या मागं गेलो. चप्पल पायातून कधी निसटली तेही कळत नाही म्हणणारे तर रोजचेच.

प्रत्येक वेळी डोळे मिटलेले, नाहीतर अंधार. बर्लिनच्या मोरिट्झ रोम्बर्ग यांनी मज्जाविकारांवरच्या आपल्या ग्रंथात नेमकं हेच टिपलं. १८४० ते १८४६ या काळात तो ग्रंथ भागाभागांनी छापला गेला. पेशंटला उभं करायचं, डोळे मिटायला सांगायचे; तो डुलायला लागतो. आजही आम्ही ही तपासणी त्यांच्याच नावानं करतो. त्यांचे पेशंट मधुमेहाचे नव्हते. सिफिलिस वर्षानुवर्षं अंगात मुरला की काहींच्या मज्जारज्जूचा मागचा भाग झिजे आणि पावलांची खबर मेंदूपर्यंत पोचेनाशी होई. त्या रोगाला टेबीज डोर्सालिस म्हणत. उपाय जवळपास नव्हताच.

स्वित्झर्लंडमधल्या हायडन या डोंगरी गावात हाइनरिश फ्रेंकेल नावाचे डॉक्टर होते. गोष्ट अशी सांगतात, की फ्रेंकेलांच्या तपासणीत टेबीजच्या एका पेशंटला बोट नेमक्या जागी नेता आलं नाही. काही महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा हात बराच सुधारला होता. विचारलं तर म्हणाला, तुमच्या परीक्षेत पास व्हायचं होतं, म्हणून घरी सराव केला!

या सरावातून फ्रेंकेलांनी अख्खी पद्धत उभी केली. त्यांचं पुस्तक १९०० साली जर्मनमध्ये आलं, १९०२ साली इंग्रजीत. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातही ही पद्धत पोचली. त्यांचं म्हणणं साधं होतं: स्नायूंत ताकद आहे, गेली आहे ती जाणीव. मग पायांचं काम डोळ्यांनी आणि लक्ष देऊन करायचं.

माझ्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका येतात. त्यांच्याकडून मी हेच व्यायाम करून घेते. आधी उताणं झोपून टाच गादीवरून हळूहळू ओढायची, मी ‘थांबा’ म्हटलं की तिथंच थांबायचं. मग बसून, मग उभ्यानं. शेवटी फरशीवर पिवळ्या रंगानं काढलेल्या पावलांवर पाऊल ठेवत, मोठ्यानं आकडे म्हणत चालायचं. पाऊल रेषेबाहेर पडलं की काका स्वतःवरच चिडतात, पण घाई करत नाहीत. दमायच्या आत थांबायचं, हा फ्रेंकेलांचाच नियम.

पेनिसिलिन आलं आणि टेबीज दुर्मीळ झाला. व्यायाम मात्र मधुमेहवाल्यांसाठी उरले, कारण त्यांच्याही पायांची जाणीव जाते. इथं एक अडचण आहे, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. फ्रेंकेलांचा सगळा भरवसा डोळ्यांवर आणि मधुमेह डोळ्यांचा पडदाही खातो. त्यामुळं पायाला मुंग्या येतात म्हणून आलेल्या माणसाला मी आधी डोळे तपासून यायला सांगते. लोक त्याऐवजी तळव्यांना तेल चोळतात, सकाळी गवतावर अनवाणी फिरतात. बधिर पायाला काटा टोचलेला कळत नाही. हा सल्ला देणाऱ्यांचा मला रागच येतो.

तेव्हा घरात असं कुणी असेल तर मोरीच्या वाटेवर रात्रभर दिवा राहू द्या. मागं पट्टा असलेली चप्पल घेऊन द्या, आंघोळ स्टुलावर बसून करू द्या, तोंड धुताना एक हात भिंतीला असू द्या. आणि देवाला नमस्कार उघड्या डोळ्यांनी केला तरी चालतो, हे त्यांना घरातल्या कुणीतरी वडीलधाऱ्यानंच सांगा. आमचं ते ऐकत नाहीत.