मेयोचा एकांत

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जेथें अटलांटिक महासागराच्या लाटा अखंड आदळत असतात, तेथें मेयो नांवाचा परगणा आहे. उंच कडे, काळ्या दलदलींचीं पठारें, मधूनच चमकणारीं सरोवरें आणि दूरवर माणसाची चाहूल न लागणारा मुलूख, असें त्याचें रूप आहे. प्रवासी या एकांताची मुक्तकंठानें स्तुति करितात आणि ती निसर्गाची देणगी समजून परत जातात. परंतु हा एकांत निसर्गानें दिलेला नाहीं; तो इतिहासानें घडविलेला आहे. १८४१ च्या खानेसुमारींत मेयोची लोकसंख्या सुमारें ३ लक्ष ८९ हजार होती. २०२२ सालीं ती सुमारें १ लक्ष ३८ हजार भरली. हीं माणसें गेलीं कोठें? तेथील प्रेक्षणीय स्थळें क्रमानें पाहिलीं, तर या प्रश्नाचें उत्तर तींच देतात.

आरंभ उत्तर किनाऱ्यावरील 'केजे फील्ड्स' या स्थळापासून करूं. १९३० नंतरच्या दशकांत पॅट्रिक कॉल्फील्ड नांवाचे शाळामास्तर जळणासाठीं दलदलींतील पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची घट्ट माती, कापीत असतां त्यांस तळाशीं दगडांच्या रांगा आढळल्या. दलदल साचण्यापूर्वींच त्या कोणीतरी रचल्या असल्या पाहिजेत, हें त्यांनीं ताडलें. पुढें त्यांचे पुत्र शेमस पुराणवस्तुशास्त्रज्ञ झाले. लोखंडी सळई पीटमध्यें खुपसावयाची आणि ती दगडास कोठें अडते तें टिपावयाचें, या साध्या रीतीनें त्यांनीं मैलोगणती बांधांचा माग काढला. हे शेतांचे बांध सुमारें साडेपांच हजार वर्षांपूर्वींचे असावेत, असें त्यांच्या संशोधनाचें अनुमान आहे. म्हणजे आज ओसाड दिसणाऱ्या या भूमीवर, मिसर देशांतील पिरॅमिडांच्याहि पूर्वीं, शेतकऱ्यांचे संसार नांदत होते.

तेथून अॅकिल बेटावर जावें. स्लीव्हमोर पर्वताच्या उतारावर छपरें नसलेल्या ऐंशी-शंभर दगडी घरांची ओळ उभी आहे. आसपास बटाट्याच्या वाफ्यांचे वरंबे अजून ओळखूं येतात. त्या काळीं पिकविलेलें धान्य जमीनदाराच्या खंडांत जाई आणि गरिबाच्या पोटास बटाटाच उरे. १८४५ सालीं त्या बटाट्यावर रोग पडला आणि पुढें कित्येक वर्षें पीक हातचें गेलें. १८५१ च्या खानेसुमारींत मेयोंत अवघीं २ लक्ष ७४ हजार माणसें उरलीं. स्लीव्हमोरचीहि वस्ती हळूहळू उठली. कोणी समुद्रकांठीं उतरले, कोणी देशांतरास गेले.

परगण्याच्या दक्षिणेस डूलॉक नांवाचें अतिरम्य खोरें आहे. मार्च १८४९ मध्यें मदतीच्या आशेनें लुईसबर्ग गांवीं जमलेल्या शेंकडो उपाशी लोकांस, तपासणीसाठीं डेल्फाय येथील बंगल्यावर हजर व्हावें, असें सांगण्यांत आलें. कडाक्याच्या थंडींत तीं माणसें या खोऱ्यांतून कित्येक मैल चालत गेलीं आणि अनेकांनीं वाटेंतच प्राण सोडले. आज तेथें रस्त्याच्या कडेला एक साधा दगडी क्रूस आहे. सृष्टिसौंदर्य पाहण्यास थांबलेला प्रवासी तो वाचतो आणि कांहीं वेळ निःशब्द होतो.

स्ट्रेड या खेड्यांत याच कथेचें दुसरें प्रकरण सुरू होतें. तेथें १८४६ सालीं, ऐन दुष्काळांत, मायकेल डॅव्हिट जन्मला. तो चार वर्षांचा असतांना जमीनदारानें त्याच्या कुटुंबास घराबाहेर काढलें. इंग्लंडांतील कापडगिरणींत अकराव्या वर्षीं त्याचा उजवा हात गेला. याच एकहाती पुरुषाच्या पुढाकारानें ऑगस्ट १८७९ मध्यें कॅसलबार येथें मेयोच्या कुळांचा संघ उभा राहिला. पुढील वर्षीं मास्क सरोवराच्या कांठीं कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशीं कुळांनीं सर्व व्यवहार तोडला. त्याचें पीक कापावयास अल्स्टरहून पन्नास मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणास सुमारें हजार शिपाई! १९०५ च्या वंगभंगानंतर लोकमान्य टिळकांनीं स्वदेशीच्या जोडीस ज्या बहिष्काराचा पुरस्कार केला, त्याचें इंग्रजी नांव या कारभाऱ्याच्या आडनांवावरून पडलेलें आहे.

अखेर टरलॉक येथील वाडा पाहावा. एका जमीनदार घराण्याच्या या वास्तूच्या आवारांत २००१ पासून राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामजीवनाची शाखा आहे. तेथें राजमुकुट नाहींत. कुदळी, टोपल्या, गवताचे दोर आणि मासेमारीचीं साधनें आहेत. खंड देणाऱ्यांची अवजारें खंड घेणाऱ्यांच्या अंगणांत मानानें मांडलेलीं पाहून काळाचा न्याय दिसतो खरा. पण तो उशिरां आलेला न्याय आहे. १९०३ च्या कायद्यानें कुळांस सरकारी कर्जावर जमिनी विकत घेण्याची मोठी सोय झाली; परंतु तोंवर लाखो माणसें मातींत किंवा समुद्रापलीकडे गेलीं होतीं, आणि गेलेल्यांच्या जागा भरून निघाल्या नाहींत. म्हणून मेयोच्या मोकळ्या माळावर उभें राहणाऱ्यानें तेथील शांततेचा आनंद अवश्य घ्यावा, परंतु त्या माळावर पूर्वीं किती चुली पेटत होत्या, हेंहि विचारावें.