पायांनी ऐकायची कथा

मंडळी, म्हैसूरहून साधारण ३५ किलोमीटरवर कावेरीकाठी सोमनाथपूर नावाचं गाव आहे. तेराव्या शतकात होयसळ राजा तिसरा नरसिंह याच्या सोमनाथ नावाच्या दंडनायकानं तिथं केशवाचं मंदिर उभारलं. दगड शंखजिऱ्याच्या जातीचा. खाणीतून काढला की मऊ, हवा लागली की घट्ट होतो. म्हणूनच छिन्नीला देवाच्या गळ्यातले मणीसुद्धा सुटे कोरता आले. मल्लितम्मासारख्या शिल्पकारांनी आपलं नाव घातलं, तेही कुठं? मूर्तीच्या पायाशी!

आता नीट ऐका. या मंदिरात गाभाऱ्याभोवती आतून प्रदक्षिणेची वाट नाही. ती बाहेर, उंच जोत्यावरून आहे. पूर्वेच्या दारातून आत जा, भिंत उजव्या हाताला ठेवा आणि चालू लागा. खाली हत्तींची रांग, तिच्यावर घोडेस्वार, मग वेलबुट्टी आणि त्याच्यावर कथेचा पट्टा. दक्षिणेला रामायण, मागं पश्चिमेला कृष्णलीला, उत्तरेला महाभारत. प्रदक्षिणा पुरी झाली की कथाही पुरी झाली! ज्याला अक्षर येत नव्हतं, त्याच्यासाठी हे दगडातलं कीर्तनच होतं की नाही?

आणि आपण काय करतो? गाडीतून उतरतो, एका सुंदर मूर्तीपुढं उभे राहतो, फोटो काढतो, निघतो. कीर्तनात मध्येच येऊन मध्येच उठणाऱ्याला कथा कशी कळावी?

बेलूरला विष्णुवर्धन राजानं १११७ साली बांधलेल्या चन्नकेशवाच्या मंदिरात आजही नित्यपूजा होते. सोमनाथपुरात होत नाही. तिथली केशवाची मूळ मूर्ती उरली नाही. २०२३ साली बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर ही मंदिरं जागतिक वारशाच्या यादीत आली. दगड जपायला सरकार आहे हो. पण आरती थांबलेल्या त्या देवळात भक्ताच्या हाती काय उरलं? प्रदक्षिणा! तुम्ही चाललात तर राम वनात जाईल, परत येईल. नाही चाललात तर ती कथा मुकी राहील.

म्हणून माउली, जाल तेव्हा घाई करू नका. एक फेरी तरी पुरी करा. मोबाईल पिशवीत ठेवा, लेकराचं बोट धरा आणि भिंत दाखवत त्याला कथा सांगत चला. रामकृष्णहरी!