क्लारा शूमान : नाइलाज नव्हे, निवड

क्लारा शूमानची गोष्ट आपल्याकडे दोन प्रकारे सांगितली जाते. जुन्या गोष्टीत ती पतिपरायण विधवा आहे. पती रॉबर्ट शूमान वेडाच्या भरात गेला, पदरी लेकरांचे लेंढार, म्हणून बाईने पियानो हाती घेतला, संसार तारला आणि नवऱ्याचे संगीत जगभर नेले. नवी गोष्ट स्त्रीची बाजू घेऊन बोलते. तिच्या मते क्लारा मोठी संगीतरचनाकार झाली असती, पण लग्नाने तिची प्रतिभा चिरडली आणि हाती उरले ते फक्त इतरांच्या रचना वाजवणे. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात दिसतात, पण एक गृहीतक दोघींना मान्य आहे. ते असे की, मैफलीतले पियानोवादन हा क्लाराचा नाइलाज होता. हे गृहीतक कालक्रमापुढे टिकत नाही.

पूर्वपक्षाचे बळ आधी मान्य करू. फेब्रुवारी 1854 मध्ये रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवले गेले, पण त्याची रवानगी बॉनजवळच्या एंडेनिशच्या मनोरुग्णालयात झाली आणि जुलै 1856 मध्ये तो तिथेच वारला. आठवे मूल फेलिक्स 1854 च्या जूनमध्ये जन्मले, तेव्हा हयात असलेली मुले सात होती. पैशाची निकड खरीच होती. पुढे एका मुलाच्या आजारपणामुळे नातवंडांचा भारही तिच्यावर आला. पण गरजेने केलेले काम हे केवळ गरजेपोटीच केलेले असते, हा निष्कर्ष कुठून निघतो?

आता तारखा पाहा. 1819 मध्ये लाइपझिगला जन्मलेली क्लारा नवव्या वर्षी, 1828 मध्ये, तिथल्या गेवांडहाउस या मैफलगृहाच्या रंगमंचावर बसली. 1838 मध्ये व्हिएन्नाच्या दरबाराने तिला राजवादकाचा किताब दिला. ती परकी, प्रोटेस्टंट आणि अवघी अठरा वर्षांची असूनही. लग्न झाले 1840 मध्ये. तोवर तिचे नाव युरोपभर झाले होते. रॉबर्टला लोक मुख्यतः एका संगीतविषयक नियतकालिकाचा संपादक म्हणून ओळखत.

इथे आक्षेप येईल की हे सगळे बापाने घडवले. फ्रीडरिश वीक हा कडक गुरू होता आणि आणखी कडक व्यवहारी. मुलीची रोजनिशीसुद्धा तिच्या वतीने तोच लिहीत असे. पण लग्नावरून बाप-लेकीचे बिनसले तेव्हा, 1839 च्या आरंभी, ती वडिलांना सोबत न घेता पॅरिसला गेली आणि तिथे मैफली केल्या. वडिलांच्या संमतीऐवजी न्यायालयाची परवानगी मिळवून तिने लग्न केले. बाप बाजूला झाला, वादन चालूच राहिले.

विवाहानंतरचा पुरावा तर त्याहून बोलका आहे. पहिली मुलगी सहा महिन्यांची असताना, 1842 मध्ये, पती-पत्नी उत्तर जर्मनीच्या दौऱ्यावर होते. रॉबर्ट अर्ध्या वाटेवरून घरी परतला. क्लारा पुढे कोपनहेगनला गेली. 1844 मध्ये दोन लहान मुली मागे ठेवून दोघांनी रशियाचा दौरा केला. तिथे मान क्लाराला मिळत होता आणि रॉबर्ट उदास होता. या काळात ती विधवा नव्हती आणि घरात कमावता पुरुष होता.

नव्या गोष्टीलाही याच काळात उत्तर सापडते. घरात पातळ भिंती होत्या. रॉबर्ट रचना करत असला की क्लाराला सराव थांबवावा लागे, हे खरे. पण तिच्या रचनांना मात्र त्याचे उत्तेजनच होते. 1841 मध्ये दोघांची गीते एकाच संग्रहात छापली गेली, त्यात त्याचाच पुढाकार होता. ड्यूसेलडॉर्फच्या घरात स्वतंत्र खोली मिळाल्यावर, 1853 च्या उन्हाळ्यात, तिने रॉबर्टच्या एका सुरावटीवरचे व्हेरिएशन्स, व्हायोलिन-पियानोचे रोमान्स आणि गीते लिहिली. म्हणजे तो धडधाकट असेतो तिची लेखणी चालू होती आणि तो गेल्यावर जवळजवळ थांबली. बाईने संगीतरचना करू नये, ही त्या काळाची समजूत तिच्या मनातही मुरली होती, हे नाकारता येत नाही. पण पतीने ज्याला हात दिला ते तिने सोडले आणि ज्याची त्याला अडचण होत होती ते आयुष्यभर धरले, याचा अर्थ नव्या गोष्टीला लावता येत नाही.

राहिले संगीतरचनाकार ब्राम्सशी असलेल्या तिच्या स्नेहाचे प्रकरण. त्यावरच्या तर्कांना अंत नाही. 1854 च्या शरदात क्लारा पुन्हा दौऱ्यावर निघाली, तेव्हा ड्यूसेलडॉर्फला मुलांकडे आणि घरखर्चाच्या वहीकडे तरुण ब्राम्स पाहत होता. नोंद घ्यावी ती याची.

वादनातही ती केवळ हुकुमाची ताबेदार नव्हती. 1830 च्या दशकात ऑपेरातल्या सुरावटींवर बोटांच्या कसरती करणे म्हणजे पियानोची मैफल, अशी रीत होती. क्लाराही प्रारंभी तेच वाजवी. हळूहळू तिने बाख, बेथोव्हेन, शोपँ आणि रॉबर्ट यांना कार्यक्रमाच्या मध्यभागी आणले. 1837 मध्ये बर्लिनमध्ये ती कागद समोर न ठेवता वाजवायला बसली, तेव्हा लेखिका बेटिना फॉन आर्निमला तो उद्धटपणा वाटला. पुढे तोच शिष्टाचार झाला. तिच्या जपून ठेवलेल्या कार्यक्रमपत्रिकांची संख्या 1300 च्या वर आहे.

रॉबर्टची भक्ती म्हणाल तर तिलाही व्यवसायाची शिस्त होती. श्रोत्यांना जड जातील अशा त्याच्या दीर्घ रचनासमूहांतले निवडक भागच ती वाजवी. त्याच्या उत्तरकाळातल्या चेलोच्या काही रचना तिने नष्ट केल्या आणि व्हायोलिन कॉन्चेर्टो समग्र आवृत्तीबाहेर ठेवला. हे चूक की बरोबर, यावर वाद होऊ शकतो. पण आंधळा भक्त असे करत नाही. 1878 पासून ती फ्रांकफुर्टच्या होख संगीतविद्यालयात शिकवत होती. हाताच्या दुखण्याने सत्तरच्या दशकात मैफली बंद पडल्या, तरी ती परतली. शेवटची जाहीर मैफल 1891 मधली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

पहिली मैफल आणि शेवटची मैफल यांत बासष्ट वर्षांचे अंतर आहे. त्यांतली सहवासाची वर्षे जेमतेम चौदा. उरलेल्या अठ्ठेचाळीस वर्षांना त्या चौदा वर्षांची प्रस्तावना आणि परिशिष्ट ठरवणारे चरित्र सहानुभूतीने लिहिलेले असले तरी सदोषच आहे. क्लाराचे चरित्र लिहिणाऱ्यांनी सुरुवात 1840 च्या लग्नापासून न करता 1828 च्या गेवांडहाउसपासून करावी.