तळटीप १४ : ‘ठिपके’
१४. लेखक कात्रजच्या खोलीवर रोज दूध उतू घालवणारा. दुधाची उपमा तिथूनच आली असावी. ‘ठिपके’ म्हणजे क्वांटम डॉट, अवघ्या काही नॅनोमीटरचे अर्धवाहक स्फटिक. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळसर चमकतो, ६ नॅनोमीटरचा लाल. म्हणून सगळे एकाच मापाचे हवेत. शेगडीवर पातेल्याचा तळ आधी तापतो, त्यामुळे कण मागेपुढे जन्मून लहानमोठे होतात. मायक्रोवेव्हमध्ये (२.४५ गिगाहर्ट्झ) ध्रुवीय द्रावण आतूनही तापते, कण जवळपास एकाच वेळी जन्मतात, मिनिटांत काम होते. घरचा ओव्हन मात्र दूधही जागोजागी कमीजास्त तापवतो. प्रयोगशाळेत ढवळणी आणि तापमान-नियंत्रण असलेले यंत्र लागते. शिवाय कॅडमियम विषारी. पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांनी अभ्यासलेले झिंक सल्फाइड त्या मानाने सौम्य. — संपा.