हुकमी एक्का सोडावा का? मिलवॉकी, करीम अब्दुल-जब्बार आणि १६ जून १९७५

१/१८
२०२५ च्या फेब्रुवारीत डॅलस मॅव्हरिक्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाने लुका डॉन्चिच हा आपला हुकमी एक्का लॉस एंजेलिस लेकर्सच्या हवाली केला. संतप्त चाहते मैदानाबाहेर जमले. संघाने आपला सर्वश्रेष्ठ खेळाडू सोडावा का, हा जुना प्रश्न त्यानिमित्ताने पुन्हा ऐरणीवर आला. त्याचा सर्वांत बोधप्रद दाखला मात्र ५० वर्षे आधीचा आहे. हा धागा त्या दाखल्याविषयी.

२/१८
आयपीएलमुळे ‘ट्रेड’ हा शब्द आता आपल्याला परका नाही. एनबीए या अमेरिकी लीगमध्ये लिलाव नसतो. नवोदित खेळाडू ‘ड्राफ्ट’ नावाच्या वार्षिक निवडीतून येतात आणि तळाच्या संघांना तेथे आधी संधी मिळते. पुढे संघ खेळाडूंची आपसांत अदलाबदल करतात. १९७० च्या दशकारंभी तर करार संपल्यावरही खेळाडूवर जुन्याच संघाचा हक्क राहत असे. खेळाडूची इच्छा या व्यवहारात सहसा विचारली जात नसे.

३/१८
या खेळाचे एक गणित ध्यानात ठेवले पाहिजे. मैदानावर एका बाजूचे खेळाडू पाचच असतात. सामना ४८ मिनिटांचा आणि मोठा खेळाडू त्यांतली ४० मिनिटे सहज खेळतो. क्रिकेटमध्ये सर्वोत्तम फलंदाजही बाद होऊन परततो; येथे तसे होत नाही. एकाच्या बदल्यात चार चांगले खेळाडू मिळाले, तरी मैदानावरच्या जागा वाढत नाहीत. असामान्य खेळाडूचे मोल सुट्ट्या पैशांत पुरते वसूल होत नाही, ते यामुळेच.

४/१८
याचा अनुभव लीगला आधीच आला होता. एका सामन्यात १०० गुण करणारा विल्ट चेंबरलेन १९६५ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने फिलाडेल्फियाला दिला. मोबदला होता ३ खेळाडू आणि दीड लाख डॉलर. आधीच घसरलेल्या वॉरियर्सने तो हंगाम १७ विजय व ६३ पराभवांवर संपवला. फिलाडेल्फिया १९६७ मध्ये विजेता ठरला. १९६८ मध्ये फिलाडेल्फियानेही त्याला तिघांच्या बदल्यात लेकर्सकडे पाठवले. पाच वर्षांत हाच संघ ८२ पैकी केवळ ९ सामने जिंकण्याइतका खालावला.

५/१८
आता मिलवॉकीकडे. विस्कॉन्सिन राज्यातील हे कारखानदारीचे शहर. तेथील बक्स संघाची स्थापना १९६८ ची. पहिल्या हंगामात २७ विजय, ५५ पराभव. पुढच्या निवडीत पहिला क्रमांक मिलवॉकीला मिळणार की फिनिक्सला, हे १९ मार्च १९६९ रोजी नाणेफेकीने ठरले. फिनिक्सने छापा मागितला, काटा पडला. मिलवॉकीच्या पदरात ल्यू अल्सिंडर पडला. विद्यापीठीय स्पर्धेत सलग ३ अजिंक्यपदे मिळवलेला, सात फुटांहून उंच असा हा तरुण होता.

६/१८
दुसऱ्याच हंगामात संघाने ५६ सामने जिंकले. १९७० मध्ये सिनसिनाटीहून ऑस्कर रॉबर्टसन आला. तोही अशाच एका अदलाबदलीतून, केवळ दोन खेळाडूंच्या बदल्यात. १९७०-७१ मध्ये ६६ विजय आणि अंतिम फेरीत बाल्टिमोरवर ४-० अशी मात! स्थापनेनंतर तिसऱ्याच वर्षी अजिंक्यपद. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे: मिलवॉकीचे हे यश अंशतः दुसऱ्या शहराने गमावलेल्या हुकमी एक्क्यावर उभे होते.

७/१८
विजेतेपदाच्या लगोलग अल्सिंडरने करीम अब्दुल-जब्बार हे नाव जाहीरपणे धारण केले. इस्लामचा स्वीकार त्याने विद्यार्थिदशेतच केला होता. १९७१, १९७२ आणि १९७४ असे तीनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डोक्यावरून अलगद सोडलेला त्याचा ‘स्कायहूक’ अडवणे जवळपास अशक्य होते.

८/१८
परंतु खेळाडूला खेळापलीकडेही आयुष्य असते. करीमचा जन्म न्यूयॉर्कचा, शिक्षण लॉस एंजेलिसचे. जॅझ संगीत, वाचन, धर्मचिंतन यांत तो रमणारा होता. वंशभेदाच्या प्रश्नावर त्याने १९६८ च्या ऑलिम्पिक संघापासून दूर राहणे पसंत केले होते. मिलवॉकीत तर कृष्णवर्णीयांना कोठेही घर घेता यावे, यासाठी १९६७-६८ मध्ये सलग २०० रात्री मोर्चे काढावे लागले होते. त्या शहरात त्याला चाहते भरपूर लाभले. आपली माणसे लाभली नाहीत.

९/१८
१९७४ ची अंतिम फेरी बोस्टनविरुद्ध. सहावा सामना दोनदा जादा वेळेत गेला. अखेरच्या क्षणी करीमने स्कायहूक टाकला आणि मिलवॉकीने १०२-१०१ असा विजय मिळवला. दोनच दिवसांनी घरच्या मैदानावर सातवा सामना मात्र हातचा गेला. त्यानंतर रॉबर्टसन निवृत्त झाला. दुसरे अजिंक्यपद एका सामन्याने हुकले आणि संघाचा एक खांबही निखळला.

१०/१८
१९७४ च्या ऑक्टोबरात करीमने व्यवस्थापनाला आपला निर्णय कळवला: मिलवॉकी सोडायचे आहे, न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस चालेल. शहराची निंदा करण्याचे त्याने टाळले. आपल्या सांस्कृतिक गरजा येथे भागत नाहीत, एवढेच त्याचे म्हणणे होते. बातमी काही महिने गुप्त राहिली. १९७५ च्या मार्चमध्ये ती जगजाहीर झाली.

११/१८
याच सुमारास सराव सामन्यात डोळ्याला इजा झाल्याने संतापून त्याने बास्केटच्या खांबावर ठोसा मारला आणि हात मोडून घेतला. हंगामाचे पहिले काही आठवडे तो बाहेर राहिला. परतला तो डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवूनच. संघ ३८ विजय आणि ४४ पराभवांवर थांबला. बाद फेरीही गाठता आली नाही. जाऊ इच्छिणारा खेळाडू आणि पराभूत संघ, अशी दुहेरी कोंडी झाली.

१२/१८
सरव्यवस्थापक वेन एम्ब्री यांच्यापुढे पर्याय कोणते होते? एम्ब्री हे या लीगमधले पहिले कृष्णवर्णीय सरव्यवस्थापक आणि स्वतः माजी खेळाडू. करीमला नकार देणे, हा एक मार्ग होता. पण एबीए ही प्रतिस्पर्धी लीग तेव्हा जिवंत होती आणि तिचा एक संघ न्यूयॉर्कचाच होता. शिवाय करारानंतरच्या हक्काविरुद्ध रॉबर्टसनच्या नावे १९७० पासून खटला चालू होता. उद्या करीम निघून गेला असता, तर मिलवॉकीच्या हाती काहीच उरले नसते.

१३/१८
न्यूयॉर्क निक्सकडे पैसा होता, मात्र त्यांचा विजेता संघ वृद्ध होऊन विखुरला होता. लेकर्सचीही चेंबरलेन आणि जेरी वेस्ट यांच्या निवृत्तीनंतर दुर्दशा झाली होती: ३० विजय, ५२ पराभव. परंतु त्या दुर्दशेमुळेच त्यांना ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळाला. नुकत्याच निवडलेल्या ताज्या दमाच्या खेळाडूंची शिदोरी त्यांच्यापाशी होती.

१४/१८
१६ जून १९७५ रोजी व्यवहार जाहीर झाला. करीम आणि वॉल्ट वेस्ली लेकर्सकडे गेले. मिलवॉकीला मिळाले चौघे: एका सामन्यात १७ फटके अडवण्याचा विक्रम करणारा एल्मोर स्मिथ, अचूक नेमबाज ब्रायन विंटर्स आणि नवोदित डेव्ह मायर्स व ज्युनिअर ब्रिजमन. शिवाय काही रोकड. २८ वर्षांच्या, कारकिर्दीच्या ऐन भरात असलेल्या खेळाडूचा हा मोबदला होता.

१५/१८
पहिला हिशेब १९७६ चा. मिलवॉकी पुन्हा ३८-४४. तरीही आपल्या दुबळ्या गटात अव्वल आणि बाद फेरीत. लेकर्स ४०-४२ आणि बाद फेरीबाहेर! करीम सर्वोत्तम खेळाडू ठरूनही हे घडले. त्या वर्षी निकाल लावायचा झाला असता, तर मिलवॉकीने बाजी मारली असेच कोणी म्हटले असते.

१६/१८
दुसरा हिशेब १९८० च्या दशकाचा. १९७९ मध्ये मॅजिक जॉन्सन आल्यावर लेकर्सने करीमसह १९८०, १९८२, १९८५, १९८७ आणि १९८८ अशी ५ अजिंक्यपदे जिंकली. मिलवॉकीही खचले नाही. प्रशिक्षक डॉन नेल्सन यांच्या हाताखाली त्यांनी १९८० ते १९८६ सलग ७ वर्षे गटविजेतेपद राखले. ब्रिजमन त्यातला भरवशाचा मोहरा. १९८४ मध्ये मार्क्वेस जॉन्सनसह त्याला पाठवून संघाने टेरी कमिंग्ज, रिकी पिअर्स आणि क्रेग हॉजेस मिळवले. म्हणजे करीमच्या मोबदल्याचा धागा दशकभरानंतरही संघाच्या विणीत होता. उणीव एकच राहिली. बोस्टनकडे लॅरी बर्ड होता, फिलाडेल्फियाकडे ज्युलियस अर्व्हिंग. मिलवॉकीकडे त्या तोलाचा कोणी नव्हता. अंतिम फेरी त्या दशकात एकदाही गाठता आली नाही.

१७/१८
मग सौदा चुकला का? पाच अजिंक्यपदे मोजून ‘हो’ म्हणणे सोपे आहे, पण ती पश्चातबुद्धी ठरेल. करीम राहिला असता तर ती मिलवॉकीला मिळाली असती, असे गृहीत धरता येत नाही. कारण तो राहणार नव्हता. १९७५ च्या मिलवॉकीसमोर खरी निवड ‘चौघे की करीम’ अशी नव्हतीच. ती ‘चौघे की शून्य’ अशी होती. निर्णय त्या दिवशी उपलब्ध असलेल्या पर्यायांशीच ताडून पाहावा लागतो. त्या मापाने एम्ब्री यांचा निर्णय योग्य ठरतो. फिलाडेल्फियाशी तुलना केली की मिलवॉकीने पडझड किती सावरली तेही दिसते. डॅलसची गोष्ट याहून वेगळी: डॉन्चिचने जाण्याची मागणी केलेली नव्हती. आपणहून राहू इच्छिणारा हुकमी एक्का सोडायचा, तर पुराव्याचा भार संघावर पडतो आणि तो फार जड असतो.

१८/१८
१९७६ मध्ये रॉबर्टसनच्या खटल्यात तडजोड झाली आणि करारानंतर संघ निवडण्याचे स्वातंत्र्य खेळाडूंना टप्प्याटप्प्याने मिळू लागले. ‘सोडावा का’ या प्रश्नाला तेव्हापासून ‘तो राहील का’ हा दुसरा प्रश्न कायमचा जोडला गेला. मिलवॉकीला त्याचे सुखद उत्तर मिळायला मोठा काळ लागला. २०२० च्या डिसेंबरात यानिस आंतेतोकुंपोने याच शहराशी नवा दीर्घ करार केला. २० जुलै २०२१ रोजी अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात त्याने ५० गुण केले आणि ५० वर्षांनी अजिंक्यपद मिलवॉकीत परतले. समोरचा संघ होता फिनिक्स, १९६९ च्या नाणेफेकीत हरलेला तोच.

धागा समाप्त.